लहूने लिहून दिलेलं दुसरं पान

शंभुराव सरनाईक या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलायला माझी जीभ रेटत नाही. खरं म्हणजे मला सांगायचंय लहू खरातबद्दल. पण लहूचं सांगायला बसलं की हा मध्ये येतोच, पोट पुढे करून.

लहू जालन्याकडचा. आयटीआय केलेला, एसी मेकॅनिक. बहरीनमध्ये आमच्या कंपनीच्या तुबलीतल्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं होता. मी कमाल, दापोलीकडचा, त्याच कंपनीच्या अदलियातल्या ऑफिसात क्लार्क. शंभुराव आमचा मॅनेजर. कंपनी एका बहरीनी अरबाबाची, म्हणजे मालकाची, पण तो महिन्यातून एकदा यायचा, गहवा कॉफी प्यायचा आणि जायचा. बाकी सगळं राज्य शंभुरावाचं.

लहू सनदला चौघांच्या खोलीत राहायचा. दोन-तीन वर्षांनी रजेहून येताना बाकीचे लोणच्याच्या बरण्या आणायचे, हा पुस्तकं आणायचा. शुक्रवारी सगळे कपडे धुऊन आडवे व्हायचे आणि हा अमेरिकेतल्या गुलामांवर वाचत बसायचा. मी एकदा म्हटलं, "अरे लहू, तुला काय करायचंय त्या अमेरिकेचं? तिथला व्हिसा मिळणार आहे का तुला?"

"कमालभाई," तो म्हणाला, "ती माणसं सुटली कशी, तेवढंच बघतो."

आमच्या धंद्याची एक गंमत ऐका. एसीवाल्याला एप्रिल ते सप्टेंबर रजा नाही. सीझन! आणि आपल्याकडे लग्नं कधी? मे महिन्यात. त्यामुळे स्वतःच्या मुलीचं लग्न डोळ्यांनी बघितलेला बाप आमच्या वर्कशॉपात औषधालाही सापडला नसता. लहूने थोरलीचं लग्न व्हिडिओ कॅसेटवर बघितलं, तेही व्हीसीआर मागून आणून. शहाण्णव साली धाकटीचं, अक्षताचं, ठरलं. बुद्धपौर्णिमेला, म्हणजे मे महिन्यातच. तिचं पत्र आलं, "पप्पा, ह्या वेळी कॅसेट पाठवणार नाही. तुम्ही या."

लहूने मार्चमध्येच अर्ज दिला. शंभुरावाने न वाचताच परत केला. "तू गेलास तर लोकांनी काय पंख्याखाली बसायचं? मुलगी काय पळून चालली आहे? लग्न डिसेंबरात करा." स्वतःच्या पुतणीच्या साखरपुड्याला हाच माणूस जूनमध्ये बारा दिवस जाऊन आला होता. सीझन फक्त मेकॅनिकला असतो ना!

आणि अर्ज नाकारला की विषय मिटला, कारण सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. किल्ली माझ्याकडे. नवा माणूस उतरला की मी त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवायचो, 'मी माझा पासपोर्ट स्वखुशीने कंपनीकडे सांभाळायला देत आहे.' माणसं सही करायची आणि वर मलाच थँक्यू म्हणायची. मजकूर शंभुरावाचा, टायपिंग माझं. एकही चूक नव्हती हो त्यात, स्पेलिंगची.

तर एप्रिलमध्ये लहूच्या लोकांनी बाबासाहेबांची जयंती ठेवली, शुक्रवार बघून. हॉल शंभुरावाने ओळखीने मिळवून दिला, म्हणून अध्यक्षही तोच. भाषणाला विषय घेतला अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि गुलामांची मुक्ती. या माणसाने आयुष्यात रेट लिस्टपलीकडे काही वाचलेलं नाही. त्याने लहूलाच बोलावलं, "तू वाचतोस ना रे? दोन पानं लिहून दे. जड नको."

लहूने दोन पानं लिहिली, मी टाईप केली. पहिल्या पानावर राष्ट्राध्यक्ष आणि त्याचा जाहीरनामा. दुसऱ्यावर इतर माणसं. शंभुरावाने दुसरं पान वरवर बघितलं, "हे कोण होडीवाले? लोक कंटाळतील," म्हणाला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

भाषण काय झालं म्हणता! "एका थोर पुरुषाने लेखणी उचलली आणि चाळीस लाख माणसांच्या बेड्या गळून पडल्या!" असं म्हणताना त्याने हात असा उचलला की जणू लेखणी त्याच्याच हातात आहे. समोर त्याच्याच वर्कशॉपची माणसं बसलेली, पासपोर्ट माझ्या कपाटात. आणि टाळ्या वाजवत होती! मीही वाजवल्या. लाज वाटते सांगायला, जोरात वाजवल्या.

आभार मानायचं काम लहूकडे होतं. तो उठला, हॉलचे आभार मानले, जेवण करणाऱ्यांचे मानले. मग म्हणाला, "साहेबांचं एक पान राहिलंय, ते सांगतो."

त्याने सांगितलं, की युद्ध सुरू झालं तेव्हा तो थोर पुरुष म्हणत होता, लढाई देश एक ठेवायला आहे, गुलाम सोडवायला नाही. सोडवायचं अजून कुणाच्या मनात नव्हतं. तेव्हा तीन गुलाम एका होडीत बसले आणि उत्तरेच्या सैन्याच्या किल्ल्यावर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस आला, आमची माणसं परत द्या म्हणून. तिथल्या सेनापतीने दिली नाहीत. ती बातमी पसरली. आधी दहा-वीस आले, मग शेकड्यांनी, बायका काखेत पोरं घेऊन. एवढी माणसं दारात उभी राहिल्यावर सरकारला काहीतरी ठरवणं भाग पडलं. जाहीरनामा निघाला तो त्यानंतर दीड वर्षाने.

"आधी माणसं निघाली," लहू म्हणाला, "कागद मागून आला."

"लहू, जेवण थंड होतंय," शंभुराव घड्याळ बघत म्हणाला.

"झालंच साहेब. उद्या सकाळी मी पासपोर्ट मागायला ऑफिसात येतोय. पोरीचं लग्न आहे. जय भीम." आणि खाली बसला.

शनिवारी साडेसातला तो अदलियाला हजर. माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "कमालभाई, माझा पासपोर्ट द्या."

"साहेब आल्याशिवाय नाही देता येत रे," मी म्हटलं. किल्ली खिशात टोचत होती. अकरा वर्षं ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्याला मी खुर्ची पण दिली नाही.

शंभुराव आला आणि ओरडायलाच लागला. "काल स्टेजवर नाटक, आज इथे! व्हिसा कॅन्सल करून कायमचा पाठवीन!"

"पाठवा," लहू म्हणाला. "त्यालाही पासपोर्ट लागेलच."

तेवढ्यात दार उघडलं आणि धम्मदीप आत आला, लहूचा हेल्पर. त्याला कुठे जायचं नव्हतं, लग्न नाही की मयत नाही. म्हणाला, "माझाही द्या." त्याच्यामागे वर्कशॉपातलाच मुझम्मिल. मग आणखी. दहा वाजेपर्यंत ऑफिसात चौदा मेकॅनिक भिंतीला लागून उभे. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. फोन मात्र थांबेना. या व्हिलातला एसी बंद, त्या दवाखान्यातला बंद, माणूस का आला नाही? शंभुरावाच्या शर्टावर घामाचे नकाशे उमटले.

शेवटी अरबाबाचाच फोन आला. त्याच्या स्वतःच्या घरातला एसी बंद होता. शंभुराव उभा राहून अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत सांगू लागला, पासपोर्ट मागतात, माजलेत. पलीकडचा आवाज एवढा मोठा की खोलीभर ऐकू आला. "पासपोर्ट? किसने बोला था रखने को? दे दो. खलास!"

ऐकलंत? कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे इतकी वर्षं अरबाबाला शिव्या घालत होतो आणि कुलूप आमच्याच मराठी माणसाने स्वतःच्या डोक्याने लावलेलं, माझ्या हातून.

शंभुरावाने फोन ठेवला, रुमालाने मान पुसली आणि, देवाशपथ सांगतो, भाषणाच्या आवाजात म्हणाला, "मी निर्णय घेतला आहे. आजपासून प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकाकडे. लहूची रजाही मंजूर." थू! एकाही माणसाने टाळी वाजवली नाही, एवढंच समाधान.

मी कपाट उघडलं. एकेक नाव वाचायचं, एकेक पासपोर्ट द्यायचा. लहूने आपला उघडून फोटो बघितला, अकरा वर्षांपूर्वीचा, काळ्या केसांचा. "पोरगी ओळखेल ना मला?" म्हणाला आणि एवढं सगळं करून उभा असलेला तो माणूस तिथे ढसाढसा रडला. बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधी तो विमानात बसला, अक्षताची पाठवणी स्वतःच्या हाताने केली आणि जूनमध्ये परत कामावर आला.

त्या दिवशी वाटून झालं तेव्हा खणात एकच पासपोर्ट उरला होता. माझा. शंभुराव केबिनच्या काचेतून बघत होता.

"कमालभाई, तुमचा?" लहूने विचारलं.

"राहू दे रे," मी म्हटलं. "इथे सेफ आहे." आणि कुलूप लावलं.

त्याच मे महिन्यात दापोलीला माझ्या पाठच्या बहिणीचा, नुसरतचा, निकाह झाला. मी तर रजेचा अर्जसुद्धा केला नव्हता.