ओठांच्या कोपऱ्यातली फट

हडपसरच्या त्या आजींच्या ओठांना मी हात लावला नाही. चूक एवढीच, आणि ती नकळत झाली असं मला म्हणता येत नाही.

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात मी श्वासाच्या तपासण्या करतो. माणूस नळीत फुंकतो, यंत्र आकडा देतं. पण तो आकडा पुरेसा की कमी, हे ठरवायला त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या निरोगी माणसाचा आकडा शेजारी लागतो. आमच्या यंत्रात परदेशातल्या माणसांचे आकडे भरलेले होते. त्यातून अंदाजाने थोडं कापून आम्ही पुण्यातली फुप्फुसं मोजत होतो. शेवटी आमच्या डॉक्टरबाईंनी ठरवलं की इथल्याच निरोगी माणसांना, शाळकरी पोरांपासून पार म्हाताऱ्यांपर्यंत, फुंकायला लावायचं आणि आपले आकडे आपण काढायचे. वस्त्यावस्त्यांत फिरून फुंकून घेणं माझ्याकडे आलं.

काम ओंगळ आहे. जीव खाऊन फुंकताना तोंडातलं सगळं बाहेर येतं. लाळ, बेडका, सकाळच्या पोह्यांतली कोथिंबीर. दात नसले की ओठ नळीभोवती नीट बसत नाहीत, कोपऱ्यात फट राहते आणि हवा तिथून फुस्सकन निघून जाते. अशा वेळी हातमोजा घालून बोटांनी ओठांचे कोपरे दाबून धरायचे असतात. मोज्यातूनही लाळ कोमट लागते.

कर्वेनगरच्या एका सोसायटीत मी हे दिवसभर केलं होतं. एका निवृत्त मास्तरांची कवळी सैल होती. मी त्यांचे ओठ धरले आणि म्हणालो, "काका, समोर वाढदिवसाचा केक आहे असं समजा आणि फुंका!"

"मला मधुमेह आहे," ते नळी काढून म्हणाले. "केक तुम्ही घेऊन जा."

हॉल हसला. माझ्या मनगटापर्यंत त्यांची लाळ आली होती. मी ती पुसली आणि त्यांच्याच घरचा चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात हडपसरला, एका बुद्धविहाराच्या हॉलमध्ये शिबिर होतं. आजी सत्तरीच्या पुढच्या, ताठ, कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या. अशीच माणसं आम्हाला मिळत नव्हती. पण दात जेमतेम चार, आणि तेही मिश्रीने काळे. मिश्री आमच्या नियमांत बसत होती, विडी-सिगारेट तेवढी चालत नव्हती. त्यांनी नळी तोंडात घेतली आणि कोपऱ्यातून तपकिरी ओघळ हनुवटीवर आला. भाजलेल्या तंबाखूचा वास माझ्या नाकात गेला. मी हातभर मागे सरकलो.

"आजी, ओठ घट्ट दाबा!" मी लांबून ओरडलो.

"दात न्हाईत, तर कशावर दाबू?"

"फुंका, फुंका, फुंका! जोर लावा!"

"लावलाय की! आता काय जीव देऊ व्हय?"

हवा फटीतून निघून जात होती. पडद्यावरची रेघ पाहून मला ते दिसत होतं. तपासणी बाद आहे असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण मग ती पुन्हा करावी लागली असती, आणि पुन्हा करायची म्हणजे ओठ धरावे लागले असते. यंत्राने आपोआप छापलेला कागदच मी त्यांच्या हातात ठेवला. "फुप्फुसं कमजोर दिसतात. डॉक्टरांना दाखवून घ्या," असं त्यावर छापलं होतं. निरोगी माणसांच्या यादीतून त्या गेल्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हात धुतले. मोजे घातलेले होते, तरी धुतले.

काही महिन्यांनी त्यांची नातसून दवाखान्यात आली. बाळंतीण होती, चेहरा ओढलेला.

"सर, आजींचं हे लागट आहे का? टीबी वगैरे? घरात बाळ आहे."

मी विचारलं, त्यांना खोकला आहे का, ताप येतो का, दम लागतो का.

"काही नाही हो. पण तुमच्या त्या कागदामुळे सासूबाई बाळाला त्यांच्याकडे देत नाहीत. आमच्या गल्लीतली सगळी बाळं आजींनीच न्हाऊ घातलीत. आता कुणीच बोलवत नाही. आजी मोरीच्या दारात बसून मला सांगतात, असं धर, मान सांभाळ, पाणी कानात जाऊ देऊ नको. मला भीती वाटते, आणि त्या नुसत्या बघत राहतात."

मी डॉक्टरबाईंना एवढंच सांगितलं की तपासणी चुकली असावी. त्या म्हणाल्या, "पुन्हा करून घ्या. मशीन बिघडलं होतं म्हणा." मला ते फार सोयीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी छोटं यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजींनी लुगड्याच्या पदराने ओठ पुसले. बहुधा माझ्यासाठी. मी मोजे चढवले, जवळ बसलो आणि दोन्ही कोपरे धरले. तपकिरी लाळ बोटांवर आली, तोच वास आला, आणि किळसही आली. खोटं कशाला लिहू? पण बोटांना ती लाळ मास्तरांच्या लाळेइतकीच कोमट लागली. आमच्या घरी मागच्या खिडकीत एक कानतुटका कप असायचा, संडास साफ करायला येणाऱ्या बाईंसाठी. त्यात वरून चहा ओतणारी माझी आई आठवली, आणि तो कप तिथे का आहे हे कधीच न विचारणारा मी. मग किळस आली ती माझी मला. निरोगी कोण, हे मी त्या दिवशी नाकाने ठरवलं होतं आणि वर त्याला मोजमाप म्हटलं होतं.

आजींनी फुंकलं. रेघ सरळ वर चढली आणि सावकाश, शेवटपर्यंत उतरली. त्या वयाला याहून चांगली रेघ मी क्वचितच पाहिली होती.

"काय निघालं?" सासूबाई बाळाला छातीशी धरून दारातूनच म्हणाल्या.

"काहीही नाही. आजी ठणठणीत आहेत."

"आन् मग तवा?" आजींनी विचारलं. "तवा तुमी लांबनं वरडत व्हता. मला वाटलं, तशीच रीत असंल. आज बरं जवळ बसलात?"

यंत्र बिघडलं होतं, हे वाक्य जिभेवर तयार होतं. नातसून माझ्याकडे बघत होती.

"आजी, यंत्र तेव्हाही चांगलं होतं," मी म्हणालो. "तुमचे ओठ मी धरायला हवे होते. मला किळस आली म्हणून धरले नाहीत. कर्वेनगरात लोकांचे धरले, तेव्हा नाही आली. तुमच्या वस्तीत आली. तुमच्यात काही कमी नव्हतं, आणि तरी मी 'कमजोर' असं कागदावर जाऊ दिलं. त्यापायी तुमच्या हातातून बाळ गेलं. माझं चुकलं. मला माफ करा."