टेबल पास, बॅकअप नापास

डॉक्टर व्हायला मी जळकोटहून लातूरला आलो. ज्या क्लासमध्ये बारावी रिपीट करूनही गुण जमले नाहीत, त्याच क्लासात पुढे कॉम्प्युटरवर नोकरीला लागलो. गावाकडे कोणत्या तोंडानं जाणार होतो?

क्लासच्या संचालक सरांचं गावातलं घर भूकंपात गेलं होतं. म्हणून ऑफिसात त्यांचा एक नियम होता. कॉम्प्युटर चाकांच्या ट्रॉलीवर, खालच्या कप्प्यात बॅटरी, आणि कपाटावर पालथ्या तांब्यावर उभा केलेला स्टीलचा पेला. पेला पडला की आधी वॉचमननं ट्रॉली अंगणात पळवायची, मग माणसांनी पळायचं. या नियमाला कुणी हसत नसे, मीही नाही. फक्त समोरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, आणि हंगामात आमचा पेला उसालाच जास्त भ्यायचा. देवणीचा धिप्पाड वॉचमन चालू मशीन उंबरठ्यावरून धाडकन खाली उतरवायचा आणि घाम पुसत म्हणायचा, "सर, वाचिवली बगा."

मशीन जुनी झाली, नवी मागवली. ती येण्याआधी सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदींचं टेबल सीडीवर उतरवून घ्यायचं होतं. पण हा बॅकअप दर वेळी अर्ध्यात मान टाकू लागला. सरांनी बजावलं, "नवी मशीन यायच्या आत झाला न्हाई, तर तू आपली जळकोटची गाडी धर."

टेबलात तर काही खोटच दिसेना. सरांनी शेजारी खुर्ची ओढून त्याची तोंडी परीक्षा घेतली. उघड म्हणाले, उघडलं. पहिली आलेली पोरगी दाखव, दाखवली. मुदखेडची पोरं काढ, काढली.

"समदं येतंय की याला," सर म्हणाले. "मग पेपरातच काय हुतंय?"

त्यांनी बॅकअपला सराव परीक्षा लावली, सकाळ-संध्याकाळ. तो रोज बसायचा आणि रोज त्याच जागी अडायचा. मला त्याची कीव यायला लागली. मीही असाच बसत होतो.

शेवटी त्याची समजूत घालायला फिजिक्सचे सर आले. पडद्याकडे बघून त्यांनी वर्गात देतात तोच सल्ला दिला. "अवघड प्रश्नाला चिटकून बसू नको. सोड, फुडं जा."

हसू आलं, आणि लगेच लक्षात आलं की औषध हेच आहे. आम्ही रोज यंदाची पोरं आणि फलकावर झळकलेली नावं तेवढी उघडायचो. जुन्या नापासांकडे कोण फिरकतंय? बॅकअपला मात्र एकूण एक नोंद वाचावी लागते. वॉचमनच्या धडाक्यांनी डिस्क जिथे खरचटली होती, तिथे तो ठेचकाळत होता. तेवढा भाग सोडून मी अलीकडचं आणि पलीकडचं वेगवेगळं उतरवलं.

आमच्याकडे हजेरी क्रमांक गुणांवर ठरायचे आणि टेबलातली नोंद, बाकावरची जागा दोन्ही त्याच क्रमानं मिळायची. अलीकडची शेवटची नोंद रिपीटर बॅचमधल्या माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाची निघाली. पलीकडची पहिली थेट पुढल्या वर्षाची. मधला शेवटचा बाक अख्खा गेला होता, माझ्यासकट.

नवी मशीन आली. भूकंप झालाच तर मी सीडी खिशात घालून पळेन, असं कबूल केल्यावर तिला चाकं लागली नाहीत. "समदं आलं का?" सरांनी विचारलं.

"आलं सर. रिपीटरांचा शेवटचा बाक तेवढा राहिला."

"त्यांना कोण इचारतंय," म्हणत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. नोकरी वाचली. पण माझा इतका संताप झाला की पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. त्या बाकावरचाच एक जण समोर उभा आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुपारी मी बाकावरची नावं आठवून एकेक परत भरली. दोस्तांचे गुण आठवेनात, ते कोरे सोडले. माझे पाठ होते. होते तेच टाकले आणि पुन्हा बॅकअप लावला. पहिल्याच अटेम्प्टला पास झाला.