अर्मांचं सकाळचं पातेलं

अर्मां लाब्रेकच्या नजरेत मधोमध काळा डाग धरू लागला, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. बोस भागातल्या एका लहान कारखान्यात तो चाळीस वर्षं मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून पाक करायच्या भट्ट्या बनवत आला होता. दर मार्चमध्ये नवी भट्टी मागच्या खोपीत तोच पेटवून पाही. पळीच्या कडेवरून पाक थेंबाथेंबाने न गळता पडद्यासारखा उतरला, की तोटी उघडून तो काढून घ्यायचा. आता त्याला तो पडदा दिसत नव्हता. हे बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने भट्टीतच बसणारा, तोटी आपोआप उघडणारा लहानसा संगणक करून देऊ केला, तेव्हा मालक कुरकुरला; हट्ट धरला तो अर्मांने. डोळे पुरते जायच्या आत त्याला आपली विद्या कुठेतरी ठेवायची होती.

केंद्रातली मीरेय क्लुतिए दोन हिवाळे येत राहिली.

"मस्यु अर्मां, पाक झाला हे तुम्हाला कसं कळतं?"

"पळी सांगते."

"पळीला वायर जोडता येत नाही."

"मग विद्यापीठात इतकी वर्षं काय केलंस, पोरी?"

शेवटी तिने पाकाची उष्णता मोजली, एकशे चार अंश धरली आणि तो आकडा संगणकाच्या डब्यात घातला. आठवडाभर तोटी अचूक उघडली.

तेवीस मार्चला वादळ आलं. दुपारी पळी हातात धरून उभ्या असलेल्या अर्मांला आधी करपल्याचा वास आला. डबा गप्प होता, तोटी बंद. त्याने चाचपडत बादली गाठली आणि कढईत कच्चा रस ओतला. कढई वाचली, पण पाक करपला होता.

"तुझ्या डब्याने आज पाणी उकळून पाहिलं होतं का?" त्याने मीरेयला विचारलं.

"कसलं पाणी?"

"सकाळचं. मी ठेवतो ते."

"ते तर कॉफीचं पातेलं."

"कॉफी नंतर. आधी पाणी किती अंशांना उकळतं ते बघायचं, त्यावर चार अंश चढले की पाक. वादळात हवेचा दाब उतरतो, पाणी लवकर उकळतं, पाकही लवकर होतो. मला वाटलं, डबा मनातल्या मनात करत असेल."

"मला सांगितलं का नाहीत?"

"भट्टीत लाकडं घालतात, हे तरी कुठे सांगितलं? इथे सगळेच पाणी उकळतात."

मीरेयने त्याच्या हाताकडे पाहिलं. "पण पळी तुमच्या हातातच होती. पाक झालेला तुम्हाला दिसला कसा नाही?"

अर्मांने पळी खाली ठेवली. "मला पळीची कड दिसत नाही. दोन वर्षं झाली."

तिने सांत्वन केलं नाही. वही उघडली आणि म्हणाली, "न सांगितलेलं आणखी काय काय राहिलंय?"

एप्रिलभर तो सांगत राहिला: फेस बसवायला लोणी कधी टाकायचं, मोसम संपताना रस कसा बिघडतो. ती लिहीत राहिली. हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र डब्यात बसलं.

पुढच्या मार्चमध्ये तशीच वादळी दुपार आली. अर्मां भट्टीपाशी कान देऊन उभा होता. तोटी आपणहून उघडली. मालकाने पळी बुडवून उचलली.

"उतरला," तो म्हणाला. "पडद्यासारखा."

अर्मांने हात पुढे केला. पळी हाती आल्यावर त्याने ती सावकाश पुसली, भिंतीवरचा खिळा बोटांनी शोधला आणि टांगून ठेवली. सकाळचं पातेलं मात्र त्याने बंद केलं नाही. पाक कधी होतो हे डबा आता पाणी न उकळताच जाणत होता. कॉफी तरी लागेच.