न रडणारं दुखणं

वाडीतल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं देवापुढे घालायचं काम आमच्या शेजारच्या काकांचं. कुणाचं लग्न अडलेलं, कुणाची गाय हरवलेली. काकांचा आवाज खणखणीत. गेले तीन महिने मात्र ते दुपारपर्यंत अंथरुणात. घरच्यांनी भुताची बाधा समजून देवळात दोनदा कौल लावला. शेवटी मीच गेले.

"काका, उठा. डॉक्टराकडे जावया."

"माका काय होऊक नाय गो."

"मग दाढी तरी करा."

ओरोसच्या दवाखान्यात ते डॉक्टरांना म्हणाले, "हसूक येणा नाय. रडूक पण येणा नाय."

न रडताही नैराश्य असतं, डॉक्टर म्हणाले; गोळ्यांनी आणि बोलण्यानं हळूहळू उतरतं.

ते चुकवतील म्हणून गोळ्या मी माझ्याकडेच ठेवल्या. मला कंटाळा येतो, पण रोज सकाळी नेऊन देते. काल ते दारातच उभे होते.

"आज उशीर केलंस गो."