तुळईतल्या खाचा

"हेवा वाटतोय, असं सरळ म्हण ना," सुदर्शन म्हणाला. "चांगल्या कामाला नावं कशाला ठेवतेस?"

"नावं ठेवत नाहीये. चूक दाखवतेय."

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या घरात रविवारचे पोहे ताटल्यांत गार होत होते आणि मृणालिनी नवऱ्याच्या फोनवरचे फोटो बघत होती. ऑफिसच्या कामासाठी तो इंग्लंडला जाऊन आला होता. तिथे शामलाने त्याला आपण दुरुस्त केलेला, खेड्यातला चारशे वर्षांचा पब हौसेने दाखवला. पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात ह्याच शामलाच्या ड्रॉइंग शीट मृणालिनीने पुसून नव्याने काढून दिल्या होत्या. मृणालिनी वर्गात पहिली, शामला जेमतेम पास. मग मृणालिनी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली, आणि राहिलीच. आता जवळच्याच लायडन शहरातलं एक ऑफिस तिला जुन्या घरांची मापं घ्यायला बोलावत होतं. शिकाऊ पोरांचं काम, म्हणून तिने उत्तरच दिलं नव्हतं.

"ही तुळई बघ. खालच्या अंगाला ओळीने रिकाम्या खाचा आहेत. म्हणजे इथे लाकडी भिंत होती, दोन खोल्या होत्या. तुझ्या शामलाने सरसकट एक दालन करून टाकलं."

"माझी शामला?"

"आल्यापासून तिचीच आरती चाललीय. छत किती बुटकं, शेकोटी केवढी, आत बाक टाकून बसता येतं."

"आता येतं बसता, तर नाही म्हणू?"

सानिकाने आईच्या खांद्यावरून बोट पुढे करून फोटो सरकवला. "आई, नेक्स्ट वन बघ. फ्लोअरवर लाइन आहे."

होती. बरोबर तुळईखाली, जुन्या फरश्यांमधून वेगळ्या दगडाची एक अरुंद पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. शामलाने खाचा पाहिल्या होत्या. खोटी भिंत उभी न करता, खरी कुठे होती एवढंच तिने जमिनीवर सांगून ठेवलं होतं.

मृणालिनीने ती पट्टी बोटांनी मोठी करून पाहिली. आपल्याला हे सुचलं असतं का? शामला कधी शिकली हे? आपण पोळ्या लाटत होतो तेव्हाच, दुसरं कधी.

"सुरेख आहे ना?" सुदर्शनने जपून विचारलं.

तिने फोन त्याच्यापुढे ठेवला आणि ताटल्या उचलल्या.

"लायडनच्या मापं घ्यायच्या कामाला आज हो कळवतेय, पुढच्या सोमवारपासून मी जाणार आहे. संध्याकाळचा स्वयंपाक कोणी करायचा, ते तुम्ही दोघं ठरवा."