चावीचं रजिस्टर

अमरावतीच्या त्या कॉलेजात परिसर पर्यवेक्षक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा तिथल्या वयस्कर शिपायाने चाव्यांचा मोठा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली होती. लाल म्हणजे वाचनालय, हिरवी म्हणजे पंपघर, पिवळी म्हणजे प्रयोगशाळा. चिंध्या त्याच्या बायकोच्या जुन्या लुगड्यांच्या होत्या, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"सगळ्या आहेत ना, भाऊ?" मी विचारलं.

"एक सोडून. ते बडे बाबूपाशी राह्यते."

बडे बाबू म्हणजे आमच्याकडचे मुख्य लिपिक. त्यांच्याजवळची चावी वाचनालयामागच्या नव्या बांधकामाची होती. मुलींसाठी बांधलेलं शौचालय. सहा दरवाजे, पांढऱ्या फरशा, आरसा. दीड वर्षापूर्वी बांधून झालेलं, आणि तेव्हापासून कुलपात.

माझी नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर होती. नळ, पंखे, कूलर, बाकं, सायकल स्टँड, फाटकावरची आयकार्डाची तपासणी आणि भिंतीवरच्या नियमांचे फलक, एवढं माझ्याकडे. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. पातूरजवळ आमचा भाजीचा मळा. आई-बाबा आठवडी बाजारात बसून मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी विकायचे. नोकरी लागल्यावर आई एकदा कॉलेज बघायला आली होती. माझ्या टेबलावरून हात फिरवून म्हणाली, "हे तुह्यं हाय?" मी हो म्हटलं. तिने पुन्हा एकदा हात फिरवला. त्या टेबलाला साजेसं काम करायचं, एवढं मी तेव्हाच ठरवलं होतं.

त्या नव्या दारावर एक फलक होता. विद्यार्थिनींनी चावी कार्यालयातून घ्यावी. रजिस्टरमध्ये नाव, वर्ग, वेळ व कारण लिहावे. चावी त्वरित परत करावी.

ते रजिस्टर बडे बाबूंच्या खिडकीला सुतळीने बांधलेलं होतं. मी उघडून पाहिलं. दीड वर्षात एक पानसुद्धा भरलं नव्हतं. ज्या चार-पाच नोंदी होत्या, त्या गॅदरिंगला आलेल्या पाहुण्या बायकांच्या.

"पाहा," बडे बाबू म्हणाले, "कोनाले गरजच नाई. अन् बरंच हाये म्हना. कमिटी येईन तवा चकाचक दिसलं पाह्यजे."

कॉलेजला दर्जा देणारी कमिटी दोन-तीन महिन्यांत यायची होती. तिच्यासाठी ते जपून ठेवलं होतं. मी एकदा चावी मागून आत गेले. भांड्यांवरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मुलींसाठी चालू होतं ते जुनं, कँटीनच्या मागे, मुलांच्या गाड्या लागतात त्याच्या समोर. दाराला आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं.

मला हे कळायला हवं होतं, कारण मी स्वतः अकोल्याला तीन वर्षं तसंच काढलं. सकाळी एसटीत बसायचं, दिवसभर घोटभरसुद्धा पाणी प्यायचं नाही, संध्याकाळी घरी. पाण्याची बाटली सोबत असायची ती दाखवण्यापुरती. घरी आले की आई ती बाटली सांभाराच्या वाफ्यात ओतायची. मला वाटायचं तिच्या लक्षात येत नाही. एक दिवस ओतता ओतता म्हणाली, "आज बी भरलेलीच आनली." तरी कॉलेजात रुजू झाल्यावर पहिले दोन महिने मी पंखे दुरुस्त करत होते, कूलरच्या जाळ्यांना नवं गवत भरून घेत होते, आणि ते कुलूप रोज पाहून पुढे जात होते.

एका सोमवारी एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, भातकुलीच्या पलीकडच्या गावची. हातात 'काही येणे नाही' असा फॉर्म. कॉलेज सोडताना वाचनालय, प्रयोगशाळा आणि माझी सही लागते. माझ्याकडे आयकार्ड जमा करायचं असतं. तिने ते टेबलावर ठेवलं.

"काहून सोडून राहिली?" मी विचारलं. वऱ्हाडी बोलले की मुली मोकळ्या होतात.

"घरी अडचन हाये, मॅडम."

"लग्न ठरलं?"

"नाई, बाप्पा!" ती हसली. मग दप्तरातून डॉक्टरांचा कागद काढून दिला. लघवीचा संसर्ग, तिसऱ्यांदा. दर तासाला पाणी प्यायला सांगितलं होतं.

"सकाळी सहाले निघतो घरून, साडेतीनले वापस पोचतो," ती म्हणाली. "पानी पेलं तर जाऊ कुठं? बाबा म्हनते, जीव राह्यला तर शिक्षन. फुलं तोडाले तं घरी मानूस लागतेच."

शेवंतीचा मळा होता त्यांचा. बारावीच्या पुढे गेलेली ती घरातली पहिली. सही करायला मी पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं.

"शनिवारी ये. तोवर हा फॉर्म अन् कार्ड माझ्याजवळ राहू दे, फाटकावर अडवू नये म्हणून मी सांगून ठेवते."

"बाबा शनिवारीच टीसी घ्याले येनार हायेत."

"मग शनिवारीच बोलू."

मी प्राचार्य सरांकडे गेले. सर भले गृहस्थ. माझी बाजू त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, "मॅडम, कमिटी होऊन जाऊ द्या, मग उघडूच. आणि मागणी कुठे आहे? रजिस्टर बघा. चावी कोणाला नाकारली आहे का आपण?"

नाकारली नव्हती, हे खरं होतं.

मंगळवारी मी मुलींच्या बसायच्या खोलीत सूचना लावली: चावी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि तिथे चूक केली. माझा कागद वाचून एक मुलगी धीर करून खिडकीशी गेली. तिथे शिष्यवृत्तीच्या रांगेत पंधरावीस मुलं उभी. तिने रजिस्टर ओढल्याबरोबर मागून कोणीतरी म्हणालं, "टाइम लिव्ह बरं का वं बराबर!" सगळे हसले. ती चावी न घेताच परतली आणि शेवटच्या तासाला बसलीच नाही. ते हसणं मीच तिच्यावर आणलं होतं.

बुधवारी ती शेवंतीवाल्या घरची मुलगी माझ्याकडे आली, त्या मुलीची बाजू घेऊन भांडायला.

"तुमी एकटीले पाठवलं, मॅडम. एकटी कोन जाते? गावात बायका वावरात निंदाले एकट्या जाते का? सकाळी बाहीर बसाले एकट्या जाते का? सोबत लागते. माह्यी माय तं शेजारनीले आवाज देल्याबिगर घरातून पाय काढत नाई."

इतकी साधी गोष्ट, आणि मी भाजीवालीची लेक असून विसरले होते. आमची आईसुद्धा टोपली उचलायच्या आधी कुंपणापलीकडे हाक द्यायची, 'चाल वं!' त्या हाकेशिवाय आमच्या गावात बाईमाणसाचं काही सुरू होत नसे.

"मग सोबत जा ना," मी म्हटलं. "नियमात सोबत जायला मनाई नाही. फक्त रजिस्टरमध्ये सगळं बरोबर लिहा. नाव, वर्ग, वेळ, कारण. अन् एकीने चावी परत केल्यावरच दुसरीने घ्यायची. नियम म्हणजे नियम."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिचे डोळे चमकले. "किती जनी चालन?"

"नियमात आकडा नाही."

माझी नोकरी अकरा महिन्यांच्या करारावरची, त्यातले दोनच झाले होते. तरी बोललेला शब्द मागे घेतला नाही.

गुरुवारी परीक्षेचे फॉर्म भरायचा दिवस होता. खिडकी उघडायच्या आत कार्यालयापुढे मुलींची रांग लागली. कार्यालयापासून जिना, जिन्यापासून वाचनालय, तिथून पार लिंबाच्या झाडापर्यंत. मी लिंबाखाली नळ तपासण्याचं निमित्त करून उभी होते. मग तेही सोडून सरळ कार्यालयात गेले.

"हे फॉर्मची रांग हाये का?" बडे बाबूंनी चष्मा वर करून विचारलं.

"नाई, बाबूजी. चावीची," रांगेत पहिली असलेली शेवंतीवाली म्हणाली.

"सगळ्यायले आजच लागली?"

"रोजच लागते, बाबूजी," ती म्हणाली. "आज सांगाले आलो."

तिने नाव लिहिलं, वर्ग लिहिला, घड्याळ पाहून वेळ लिहिली. मग पेन तसंच धरून विचारलं, "कारनाच्या रकान्यात काय लिहू?"

बडे बाबूंचा चेहरा लाल झाला. "लिव्हा... जे असन ते लिव्हा."

"तुमीच सांगा ना. तुमचा रकाना हाये."

मागे खसखस पिकली. ती गेली, पाच मिनिटांनी आली, परत आल्याची वेळ लिहिली, चावी दिली. दुसरीने नाव लिहिलं. बडे बाबूंनी चावी दिली. तिसरी आली. चावी द्यायची, घ्यायची, सही तपासायची; बडे बाबूंना दुसरं काही सुचेना. मंगळवारी परतलेली मुलगीही रांगेत होती, दोन मैत्रिणींच्या मधोमध. फॉर्म भरायला आलेली मुलं ताटकळली. त्यांतल्या एकाने सुरुवात केली, "अवं, टाइम..." तेवढ्यात दहा-बारा मुलींनी एकदम मागे वळून पाहिलं. त्याने वाक्य गिळलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

साडेनऊला पदार्थविज्ञानाच्या मॅडम स्वतः रांगेत येऊन उभ्या राहिल्या. "माझंही नाव येऊ द्या," म्हणाल्या, "अठरा वर्षं झाली मला इथे." मग मराठीच्या मॅडम आल्या, मग झाडणाऱ्या दोघी बायका. रांगेत कोणीतरी बाटली काढून पाणी प्यायलं आणि शेजारणीकडे दिली. ती बाटली पुढे पुढे सरकत जिन्यापर्यंत रिकामी होत गेली. मी ते पाहिलं आणि मला आमचा सांभाराचा वाफा आठवला.

दहाला प्राचार्य सर बाहेर आले. एकही फॉर्म भरला गेला नव्हता. बडे बाबू म्हणाले, "सर, हे माह्याच्यानं होत नाई. पानं भरून राहिले." सरांनी रजिस्टर हातात घेतलं. एक पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं. सगळ्या रकान्यांत नाव, वर्ग, वेळ, आणि कारणाच्या खाली ओळीने एकच शब्द: गरज.

सरांनी रजिस्टर मिटून बडे बाबूंना दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मागणी दिसली. चावी तुम्ही घ्या."

"चावी नको, सर. कडी-कोयंडा काढायची परवानगी द्या."

सरांनी बडे बाबूंकडे पाहिलं. बडे बाबूंनी दोन्ही हात जोडले, ते सरांना की रांगेला, कळलं नाही. "काढा बावा. आजच काढा."

शिपायाने पेचकस आणला. गंजलेले स्क्रू निघेनात, तेव्हा छिन्नी लावून कोयंडाच उचकटला. दार उघडं पडलं तशी मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत पदार्थविज्ञानाच्या मॅडमची शिट्टीही होती, हे मी आजपर्यंत कार्यालयात सांगितलेलं नाही.

उघडणं सोपं होतं. ते चालू ठेवणं माझं खरं काम. त्या भागातलं बोअरचं पाणी खारं. आठवडाभरात नळांवर पांढरा थर चढतो. टाकी सकाळी आठलाच रिकामी व्हायची. मळ्यात आम्ही पाण्याची पाळी लावायचो, आधी वांगी, मग मेथी. तशीच पाळी मी लावली. पहाटे आधी मुलींची टाकी, मग प्रयोगशाळा, बागेला शेवटी. झाडणाऱ्या बायकांच्या दिवसातून दोन फेऱ्या ठरवल्या. पुढे कमिटी आली तेव्हा फरशी ओली होती आणि आरशापुढे तीन मुली वेण्या घालत होत्या. कमिटीतल्या बाई आत जाऊन आल्या आणि सरांना म्हणाल्या, "वापरात आहे, हे चांगलं आहे." सर माझ्याकडे बघून हसले. त्या वर्षी माझा करार पुन्हा झाला, आणि त्यानंतरही होत आला आहे.

पण त्याआधीचा तो शनिवार. ठरल्याप्रमाणे तिचे बाबा आले. डोक्याला पांढरा रुमाल, बोटांना शेवंतीचा हिरवट डाग. टीसीबद्दल न बोलता त्यांनी विचारलं, "पोरगी म्हनते उघडलं. खरं हाये?"

मी त्यांना तिथवर घेऊन गेले. आत मुली होत्या म्हणून आम्ही दूरच थांबलो. बाहेर आल्या तसे ते दाराशी गेले आणि आत न डोकावता चौकट पाहायला लागले.

"कमिटी गेली का पुन्हा कुलूप तं नाई लावनार?"

"कुलूप लावायला कोयंडाच ठेवला नाही, दादा."

कोयंडा होता तिथे चौकटीवर चार भोकं उरली होती. त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला. बाजारात तोलमाप पाहणाऱ्या माणसासारखं, एकेक करून. मग मान हलवली.

टेबलाशी आलो तेव्हा मुलगी आधीच उभी होती. तिने हात पुढे केला.

"मॅडम, माह्यं कार्ड वापस द्या. प्रॅक्टिकलचा टाइम झाला."

मी कार्ड दिलं. फॉर्म तिच्या बाबांनी उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. जाता जाता तिने दप्तरातली बाटली काढली, तोंडाला लावली, अर्धी संपवली आणि उरलेली भरायला नळाकडे धावली.