कामावर नसलेली इस्त्रीवाली

धुलाई कारखान्यात तिला सगळे हजेरीबाई म्हणत. तीन हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुवायला येत आणि वाफेने भरलेल्या शेडच्या तोंडाशी, काचेच्या खोलीत बसून ती साठ जणांची हजेरी लिहायची. नाकासमोर चालणारी बाई. पाच मिनिटं उशीर झाला तर सख्ख्या नणंदेलाही लाल शेरा दिला होता तिने.

इस्त्रीवरच्या मावशीचे गुडघे गेले आणि तिने काम सोडलं, तेव्हा मुकादम म्हणाला, "नाव एवढ्यात काढू नका. नवं माणूस मिळेपर्यंत चालू दे."

पगार रोख वाटला जायचा. दोन महिन्यांनी मुकादमाने तिच्या टेबलावर पाकीट ठेवलं. "मावशीच्या पगारातलं. अर्धं तुमचं."

गरज होती असंही नाही. नवरा कमावता होता, मुलगी नोकरीला लागली होती. पाकीट परत सरकवायला तिचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. त्या वर्षी स्वयंपाकघराला नव्या फरशा बसल्या. "बोनस?" नवऱ्याने विचारलं. "हो," ती म्हणाली.

एका नावाची पाच नावं झाली. शिवाय जादा पाळी हवी असेल तर मुकादमाचे हात ओले करावे लागत, हे अख्ख्या शेडला ठाऊक होतं. पण अळीमिळी गुपचिळी. कुणी खिडकीशी येऊन कुरकुरलंच, तर ती म्हणायची, "मी फक्त हजेरी लिहिते."

तीन वर्षांनी एका दुपारी मावशीच काठी टेकत खिडकीशी आली.

"हजेरीबाई, मी इथे कामाला आहे म्हणे?" आणि हसली. "सरकारी मदतीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. कचेरीतले साहेब म्हणाले, आजी, गेल्या महिन्यात सव्वीस दिवस भरलेत तुम्ही. म्हटलं, अहो, मला जिना धड उतरवत नाही, इस्त्री कुठली करतेय! काहीतरी चूक झाली असणार. तेवढी दुरुस्त करा. तुमच्याइतकं चोख कोण आहे इथे?"

मावशीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने मुकादमाला गाठलं, तो मात्र शांत होता. "काढा की नाव. पण मागची तीन वर्षं कशी काढाल? सह्या तुमच्या आहेत."

घरी जाऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने पायाखाली बघितलं. मग म्हणाला, "फरशापण?"

तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तोच तिला वकीलबाईंकडे घेऊन गेला. वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "खोटी हजेरी, खोटी पत्रकं, मालकाचा विश्वासघात. आपणहून कबूल केलंत तर शिक्षा कमी होईल, टळणार नाही. मुकादमाने धमकावलं होतं का?"

"नाही. पाकिटं मी घेतली."

"हे असंच सांगणार कोर्टात?"

"मग काय सांगू?"

खटला दोन वर्षं चालला. मुकादमाने कानावर हात ठेवले. सगळं बाईचंच कारस्थान म्हणाला. तिने साक्ष दिली तेव्हा त्याच्या वकिलाने तिच्या चिंध्या केल्या. पण ती उभी राहिली म्हणून शेडमधला एक जण पुढे आला आणि त्याच्या मागून आणखी दहा. जादा पाळीसाठी कुणी किती दिले, ते सगळं बाहेर पडलं. मुकादमाला चार वर्षांची कैद झाली, तिला आठ महिने. घेतलेले पैसे हप्त्याने फेडायचे, ते वेगळंच. मावशीची मदत कोर्टाच्या पत्रानंतर सुरू झाली; हुकलेली वर्षं मात्र कुणी भरून दिली नाहीत.

सुटल्यावर ती मावशीकडे गेली. मावशी दारातच उभी राहिली.

"तू आत गेलीस याचं मला वाईट वाटलं, बयो. खोटं नाही सांगत. पण औषधाला पैसे नव्हते, म्हणून तीन वर्षं हा जिना मी बसत बसत उतरले. ते मी कुणाला माफ करू?"

मावशीने आत ये म्हटलं नाही आणि तीही थांबली नाही.

आता ती एका गोदामात बटाटे निवडते. लिहिण्याचं काम तिला कुणी देत नाही, ती मागतही नाही. आधी कुठे होतात, असं शेजारची विचारते तेव्हा सरळ सांगते, "जेलमध्ये." मग का, कशासाठी, हे ओघाने येतंच. तेही सांगते, काहीही न वगळता, बटाटे निवडता निवडता.